कोंडलेल्या हवेची शुद्धी

पाणी गढूळ असले तर त्यात तुरटी फिरवावी, संशयास्पद असले तर ते उकळावे, आणि साऱ्या गावाचे असले तर त्यात क्लोरिन मिसळून मगच ते नळावाटे घरोघर सोडावे, हा शिरस्ता आपल्या अंगवळणी पडून कित्येक पिढ्या लोटल्या. परंतु जिचे आपण दिवसाकाठी दहा हजार लिटरांच्या आसपास सेवन करतो आणि जिचे सेवन काही मिनिटेही थांबवणे आपल्या हाती नाही, त्या हवेच्या शुद्धीविषयी मात्र आपल्यापाशी आजही असा सर्वमान्य शिरस्ता नाही. उघड्यावरची हवा सूर्य, वारा आणि पाऊस हे तिघे मिळून शुद्ध करीत असतात. चार भिंतींच्या आत, झडपा लावून आणि पडदे ओढून कोंडलेल्या हवेला त्या तिघांपैकी एकाचाही आधार उरत नाही. आणि आपल्या शाळांचे वर्ग, कचेऱ्या, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहातील बाकडी, नाट्यगृहे आणि वातानुकूलित डबे यांतून आपण जे आयुष्य काढतो, ते बहुतांशी अशाच हवेत काढतो. या हवेतील जंतूंचा नाश करील, पण ती हवा घेणाऱ्या माणसाला अपाय करणार नाही, असे एखादे द्रव्य सापडेल काय, हा प्रश्न गेली दीडशे वर्षे वैद्यकशास्त्रापुढे उभा आहे. त्या शोधाची हकीकत येथे सांगावयाची आहे, आणि तिच्यातून आपल्या घरांसाठी, शाळांसाठी व रुग्णालयांसाठी काय घ्यावयाचे, याचा निर्णयही करावयाचा आहे.

धुरी आणि फवारा

हवा शुद्ध करण्याची इच्छा जंतूंच्या शोधाहून कितीतरी जुनी आहे. सुश्रुतसंहितेत जखमी रुग्णाला ठेवावयाच्या खोलीचे, म्हणजे व्रणितागाराचे, जे वर्णन आहे, त्यात मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोन वेळा, दहा दिवसपर्यंत द्यावी असा स्पष्ट आदेश आहे. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीवर ओवा, बाळंतशेपा आणि धूप टाकण्याची आपल्याकडील चाल याच परंपरेतील होय. या परंपरेला अर्वाचीन प्रयोगाचा दाखलाही आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, हवनसामग्रीच्या धुराने बंद खोलीतील हवेतल्या जिवाणूंची संख्या एका तासात 94 टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. तथापि हा दाखला देताना त्याची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: धूर म्हटला की त्यात फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे अतिसूक्ष्म कण आलेच, आणि ज्या धुराने जिवाणू मरतो तो धूर दम्याच्या रोग्याला आणि तान्ह्या मुलाला बाधल्याशिवाय राहत नाही. जंतू आणि माणूस एकच हवा घेतात, ही या विषयातील मूळ अडचण धुरीच्या काळापासून आजतागायत कायम आहे.

जंतुशास्त्राच्या पायावर हवेची शुद्धी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने केला. जखम सडते ती जंतूंमुळे, हे पाश्चरच्या संशोधनावरून ताडून लिस्टरने 1865 साली ग्लासगो येथे कार्बॉलिक आम्लाने जखमा धुण्यास प्रारंभ केला, आणि पुढे 1871 च्या सुमारास, हवेतील जंतूही जखमेत उतरत असले पाहिजेत या तर्काने, शस्त्रक्रिया चालू असताना त्याच आम्लाचा फवारा हवेत सोडण्याची पद्धत त्याने सुरू केली. रुग्ण, शल्यविशारद आणि परिचारिका सर्वजण त्या तीव्र वासाच्या धुक्यात न्हाऊन निघत. हातांची कातडी सोलवटे, खोकल्याची उबळ आवरत नसे. पुढे अनुभवाअंती असे ध्यानात आले, की जखमेत जंतू जातात ते मुख्यतः हात, उपकरणे आणि पट्ट्या यांच्या वाटेने. हवेचा वाटा त्या मानाने अल्प. लिस्टरने फवारा सोडून दिला, आणि 1890 साली बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत, हवेतील जंतू मारण्यासाठी आपण त्या फवाऱ्याची कधीकाळी शिफारस केली याची आपल्याला लाज वाटते, अशी जाहीर कबुली दिली. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या पुरुषाने आपलाच उपाय आपल्या हाताने रद्द करावा, हा शास्त्राच्या इतिहासातील अत्यंत उदात्त प्रसंग आहे.

लिस्टरने जे तंत्र सोडले, तेच त्या कबुलीनंतर सहा वर्षांनी मुंबईत सरकारी बंदोबस्ताच्या रूपाने अवतरले. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, आणि थोड्याच दिवसांत गटारांतून कार्बॉलिक आम्ल व समुद्राचे पाणी वाहू लागले, चाळींच्या भिंतींना चुना फासला जाऊ लागला, घरांची कौले उतरवून आतल्या अंधारात ऊन सोडण्यात येऊ लागले. रोग दूषित हवेतून आणि ओलसर जमिनीतून उठतो, अशी त्या वेळच्या अंमलदारांची समजूत होती. वस्तुतः ग्रंथिज्वर उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1898 साली दाखवून दिले. पिसू कार्बॉलिकच्या पाण्याने हटणारी नव्हती. रोगाचा मार्ग जाणल्याशिवाय द्रव्य ओतणे व्यर्थ आहे, हा धडा लिस्टरला शस्त्रक्रियागृहात मिळाला होता. मुंबईला तो असंख्य प्रेते जाळून मिळाला. परंतु त्या आपत्तीतून एक टिकाऊ गोष्टही निपजली. 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा न्यासाने इमारतींची उंची आणि त्यांमधील अंतर यांना साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशरेषेचे बंधन घातले, जेणेकरून तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसावा. या नियमाकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

हवेतून रोग पसरतो काय?

फवाऱ्याच्या पराभवानंतर वैद्यकाचा लंबक दुसऱ्या टोकाला गेला. जर्मनीत कार्ल फ्लूगे यांनी 1890 च्या दशकात खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या तुषारांचा अभ्यास केला. अमेरिकेत चार्ल्स चॅपिन यांनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, हवेतून होणारा संसर्ग फारसा महत्त्वाचा नाही, खरा धोका निकट स्पर्शाचा आहे, असे आग्रहाने मांडले, आणि पुढील पिढीने हे मत जवळजवळ सिद्धांत म्हणून स्वीकारले. या मताला आव्हान दिले ते विल्यम वेल्स या अभियंत्याने. पाण्याच्या आणि खाद्याच्या स्वच्छतेच्या कामात मुरलेल्या या माणसाने हवेकडे पाण्याच्याच दृष्टीने पाहिले, आणि 1934 साली असे दाखवून दिले, की तोंडावाटे उडालेल्या तुषारांपैकी सुमारे एक दशांश मिलिमीटरहून मोठे थेंब सुकण्यापूर्वी जमिनीवर पडतात, तर त्याहून लहान थेंब क्षणार्धात सुकून त्यांचा गाभा तेवढा उरतो. हा गाभा इतका हलका असतो, की तो तासन्‌तास खोलीत तरंगत राहतो आणि खोकणारा निघून गेल्यानंतरही श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात उतरू शकतो.

वेल्स आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांनी फिलाडेल्फियाच्या परिसरातील शाळांत, वर्गाच्या वरच्या भागात अतिनील किरणांचे दिवे बसवून हा सिद्धांत पारखला. 1941 साली गोवराची साथ आली तेव्हा दिवे लावलेल्या वर्गांतील मुलांना लागण होण्याचे प्रमाण इतर वर्गांच्या मानाने फारच कमी आढळले. मात्र अन्यत्र केलेल्या काही प्रयोगांत असे यश आले नाही, कारण तेथील मुले शाळेबाहेर, विशेषतः एकाच बसमधून दाटीवाटीने प्रवास करताना, एकमेकांचा श्वास घेतच होती. हवा एका खोलीत शुद्ध करून भागत नाही; माणसे जेथे जेथे एकत्र कोंडली जातात तेथे तेथे तिचा विचार करावा लागतो, ही गोष्ट त्या अपयशाने शिकवली.

शिकागोचे बाष्प

द्रव्याच्या मार्गाने झालेला सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न शिकागो विद्यापीठातील ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांचा होय. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्त साठवून ठेवण्याची व्यवस्था ज्यांनी उभारली, तेच हे रॉबर्टसन. 1941 च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोपिलिन ग्लायकॉल नावाच्या, जवळजवळ वास नसलेल्या, सौम्य द्रवाचे बाष्प हवेत सोडून पाहिले. दोन ते चार घनमीटर हवेत एक ग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत ते बाष्प असले, तरी त्या हवेत फवारलेले न्यूमोनियाचे आणि घशाच्या रोगांचे जिवाणू झपाट्याने नष्ट होत. हवेत इन्फ्लुएंझाचे विषाणू सोडून त्यात उंदीर ठेवले असता ते दगावत. हवेत आधी ग्लायकॉलचे बाष्प असले तर उंदीर वाचत. पुढे ट्रायएथिलिन ग्लायकॉल या सजातीय द्रव्याने हेच कार्य सुमारे शंभर पटींनी कमी मात्रेत साधते असे आढळले.

एवढी अल्प मात्रा कशी पुरते, याचा खुलासा हा या संशोधनाचा सर्वांत सुंदर भाग आहे. ग्लायकॉलला पाण्याचे विलक्षण आकर्षण असते. हवेत त्याचे प्रमाण नगण्य असले, तरी जेथे जेथे जंतू बाळगणारा ओलसर सूक्ष्मकण तरंगत असेल, तेथे तेथे ते बाष्प घनीभूत होते आणि त्या कणाच्या आत त्याची तीव्रता काही क्षणांत प्राणघातक पातळीला पोहोचते. म्हणजे साऱ्या खोलीत विष पसरविण्याची गरज उरत नाही. जंतूभोवतीचा ओलावाच ते द्रव्य आपल्याकडे ओढून घेतो. याच कारणास्तव त्याची मर्यादाही ठरते. धुळीतील सुक्या कणांवर बसलेल्या जंतूंवर त्याचा अंमल चालत नाही. हवा अतिशय कोरडी असली तरी त्याचा प्रभाव मंदावतो, आणि ती बाष्पाने भरलेली असली तरी मंदावतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आणि विदर्भाच्या वैशाखात या द्रव्याची परीक्षा निरनिराळीच होईल, हे वाचकाच्या सहज ध्यानात येईल.

रॉबर्टसन यांचे खरे मोठेपण मात्र याहून वेगळ्या ठिकाणी आहे. जंतू मरतात एवढे पाहून ते थांबले नाहीत. माकडे आणि उंदीर यांना बारा ते अठरा महिने या बाष्पातच ठेवून, त्यांच्या फुप्फुसांची आणि इतर अवयवांची तपासणी करून, मगच 1947 साली त्यांनी ही द्रव्ये श्वासाला निरुपद्रवी असल्याचा निर्वाळा दिला. युद्धकाळात सैनिकांच्या बराकींत हे बाष्प वापरून पाहण्यात आले, पण फळ मर्यादित मिळाले. युद्धानंतर प्रतिजैविकांचे युग अवतरले, आणि ज्या रोगावर गोळी आहे त्यासाठी हवा कशाला शुद्ध करावी, अशा समजुतीने हा सारा विषय दप्तरात बांधून ठेवला गेला. करोनाच्या साथीत तो पुन्हा उघडला. ट्रायएथिलिन ग्लायकॉल रंगमंचावर धुके निर्माण करण्यासाठी कित्येक वर्षे वापरात होतेच. 2021 च्या जानेवारीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जॉर्जिया आणि टेनेसी या राज्यांपुरती, निवडक बंदिस्त जागांत ते हवेत सोडण्यास तातडीची परवानगी दिली. ऐंशी वर्षांपूर्वीच्या चिकाटीचे ते फळ होते.

फॉर्मॅलिनची खोली

आपल्याकडे हवेच्या निर्जंतुकीकरणाची सर्वांत रुळलेली पद्धत फॉर्मॅलिनची. जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रियागृहात उभी हयात घालवलेल्या एका निवृत्त परिचारिकेने मला त्या पद्धतीचे वर्णन सांगितले. "शनिवारी संध्याकाळी थिएटर सील करायचो," त्या म्हणाल्या. "मामा दाराखिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावायचे, आणि मी परमँगनेटच्या भांड्यात फॉर्मॅलिन ओतून तडक बाहेर यायची. सोमवारी अमोनिया ठेवूनसुद्धा डोळ्यांचं पाणी थांबायचं नाही. पण फ्युमिगेशन झालं म्हणजे सगळ्यांनाच वाटायचं, की आता काळजी नाही. मग हात धुण्यात कुणी कसर केली, तर त्याला बोलायला मीच एकटी उरायची."

या थोड्या शब्दांत विषयाचे सार आले आहे. फॉर्माल्डिहाइडचा वायू जंतुघ्न आहे यात शंका नाही; पण खोलीत माणूस असताना तो वापरता येत नाही, आणि माणूस आत आला की त्याच्याबरोबर नवे जंतूही आत येतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली हे द्रव्य माणसात कर्करोग उत्पन्न करणारे म्हणून निश्चित वर्गात घातले. आधुनिक शस्त्रक्रियागृहात म्हणूनच भर असतो तो हवा तासाला वीस किंवा अधिक वेळा बदलण्यावर, आणि तीन दशांश मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवणाऱ्या गाळण्यांवर. गाळणी जंतूला मारीत नाही, ती त्याला केवळ अडवते. आणि श्वासात कोणतेही नवे द्रव्य घालीत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेली उपकरणेही आता बाजारात पुष्कळ आहेत. प्रकाश पडला असता या द्रव्याच्या पृष्ठभागावर पाण्याचे विघटन होते, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी 1972 साली प्रसिद्ध केले. त्याच क्रियेतून उत्पन्न होणारे तीव्र ऑक्सिकारक रेणू पृष्ठभागाला चिकटलेल्या जंतूचे कवच जाळतात. तत्त्व निर्दोष आहे. पण जंतूने त्या पृष्ठभागापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि खोलीतील हवा तेथून फिरवावयाची तर पुन्हा पंखा आणि वेळ हे दोन्ही लागतातच.

कोरियाची शोकांतिका

श्वासावर तपासलेले नाही असे द्रव्य हवेत सोडल्यास काय होते, याचा सर्वांत भयानक दाखला दक्षिण कोरियातील आहे. तेथील हिवाळा कोरडा. घराघरांत हवेला ओलावा देणारी यंत्रे चालतात. त्या यंत्रांच्या पाण्यात शेवाळ आणि जंतू साठू नयेत, म्हणून त्या पाण्यात मिसळावयाचे जंतुनाशक 1994 पासून दुकानांतून विकले जाऊ लागले. त्यातील पॉलिहेक्झामेथिलिन ग्वानिडिन आणि तत्सम द्रव्ये कातडीला लागली असता फारशी बाधत नाहीत, म्हणून स्वच्छतेच्या इतर वस्तूंत ती वापरली जात होती. परंतु यंत्रातून बारीक तुषार होऊन ती रात्रभर फुप्फुसात गेली तर काय होईल, याची खातरजमा कोणीही केली नाही. 2011 च्या वसंतात सेऊलच्या एका मोठ्या रुग्णालयात गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, फुप्फुसे कठीण होत जाणाऱ्या एका अनाकलनीय विकाराने, एकामागून एक दाखल होऊ लागल्या. तपासाचा धागा त्या बाटल्यांपर्यंत पोहोचला, आणि वर्षअखेर त्या बाजारातून मागे घेण्यात आल्या. तोवर सतरा वर्षे लोटली होती. शासनाकडे पुढे नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंची संख्या हजाराच्या वर गेली. नुकसानभरपाईसाठी तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्या आयांनी ते द्रव्य विकत आणले, त्यांनी ते आपल्या बाळांच्या रक्षणासाठीच आणले होते. या विषयावर लिहिताना यापरते दुःखद वाक्य माझ्या लेखणीतून उतरणे शक्य नाही.

या हकीकतीची आठवण आपल्या राज्यकर्त्यांना असती, तर 2020 च्या मार्चअखेर बरेलीच्या रस्त्यावर गावी परतणाऱ्या मजुरांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइट फवारले गेले नसते, आणि भाजी मंडयांच्या तोंडाशी निर्जंतुकीकरणाचे बोगदेही उभे राहिले नसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच वर्षीच्या एप्रिलात माणसांवर असे फवारे मारू नयेत असा सल्ला प्रसृत केला. तरीही बोगदे राहिलेच, आणि अखेर नोव्हेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या बाबतीत हुकूम द्यावा लागला.

उजेड आणि खिडकी

मग कोंडलेल्या हवेला उपाय नाही काय? आहे, आणि तो प्रयोगाने सिद्ध झालेला आहे. वेल्स यांच्याच कल्पनेवरून रिचर्ड रायली यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोर येथील एका रुग्णालयात, क्षयरोग्यांच्या सहा खाटांच्या कक्षातील हवा छपरावरील पिंजऱ्यांत ठेवलेल्या गिनीपिगांपर्यंत नेली. रोग्यांचा स्पर्श नाही, थुंकी नाही, केवळ हवा. तरी महिन्यामागून महिना गिनीपिगांना क्षयाची लागण होत राहिली. तीच हवा अतिनील किरणांतून नेल्यावर मात्र लागण थांबली. पुढे पेरूच्या लिमा शहरात झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नुसत्या हवेत ठेवलेल्या गिनीपिगांपैकी 35 टक्क्यांना लागण झाली, तर कक्षाच्या वरच्या भागात अतिनील दिवे लावलेले असताना हेच प्रमाण 9.5 टक्क्यांवर आले. हे दिवे डोळ्यांच्या पातळीच्या वर, छताकडे रोखून लावावे लागतात. खोलीतील पंखा खालची हवा वर नेतो, आणि किरणांनी तेथे जंतूचा नाश झाल्यावर ती खाली उतरते. माणूस त्या प्रकाशात नसतो, म्हणून हा मार्ग द्रव्यांहून निर्धोक.

लिमाच्याच रुग्णालयांत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीचा निष्कर्ष तर आपल्यासारख्या देशाने पाटीवर लिहून ठेवावा असा आहे. 1950 पूर्वी बांधलेल्या, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत, दारे-खिडक्या उघड्या असताना, हवा तासाला सरासरी चाळीस वेळा बदलत होती. यंत्रांनी हवा खेळवलेल्या आधुनिक खोल्यांत हा आकडा बारा होता. म्हणजे कोणतेही द्रव्य, कोणतेही यंत्र नसलेली जुनी खिडकी हीच तेथे सर्वांत समर्थ जंतुघ्न ठरली.

आता मुंबई सुधारणा न्यासाच्या त्या साडेत्रेसष्ट अंशांकडे परत यावे. प्लेगच्या काळात मुंबईने जो नियम शिकून घेतला, तो पुढे तिने पुनर्वसनाच्या वसाहती बांधताना बाजूला ठेवला. मानखुर्द-गोवंडीच्या एम-पूर्व विभागातील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी मुंबईतील डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी अलीकडच्या वर्षांत केली; एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचत नाही, आणि क्षयाचा भार जेथे प्रकाश व हवा कमी तेथे अधिक आहे, असे त्यांना आढळले. या घरांत कोणते द्रव्य फवारावे, असा प्रश्न विचारणे म्हणजे मूळ अन्यायाकडे पाठ फिरवणे होय. ज्या आराखड्यावर सही होऊन ही घरे मंजूर झाली, त्या आराखड्यातच हा रोग मंजूर झाला होता.

निर्णय

दीडशे वर्षांच्या या हकीकतीवरून क्रम असा ठरतो. पहिला मान बाहेरच्या हवेचा आणि उन्हाचा. जेथे त्यांची वाट बंद आहे तेथे ती उघडणे हे पहिले कर्तव्य. ती उघडता येत नसेल, किंवा बाहेरची हवाच धुराने माखलेली असेल, तर गाळणी. क्षयरोग विभाग, आपत्कालीन कक्ष, दाटीचे वर्ग अशा जागी कुशल माणसाने बसवलेले अतिनील दिवे. आणि सर्वांत शेवटी द्रव्य. तेही असे, की ज्याच्या निर्मात्याने रॉबर्टसनप्रमाणे ते महिनोन्‌महिने श्वासावर तपासले आहे. जंतू मारल्याचा दाखला घेऊन येणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला ग्राहकाने एकच प्रश्न करावा: हे द्रव्य श्वासावाटे गेले असता काय होते, याची चाचणी किती काळ आणि कोणी केली? या प्रश्नाला कागदोपत्री उत्तर मिळाले नाही, तर ती बाटली, ते यंत्र, तो लेप घरात घेऊ नये, शाळेत बसवू नये, रुग्णालयाने खरेदी करू नये.

महापालिकांनी आणि शासनाने यापुढे नव्या वसाहतीचा एकही नकाशा, तळमजल्याच्या खोलीत ऊन व वारा पोहोचतो याचा दाखला जोडल्याशिवाय मंजूर करू नये, आणि शाळांच्या तपासणीत हजेरीपटाबरोबर वर्गाच्या खिडक्याही तपासाव्यात. ही मागणी खर्चिक नाही, अवघड नाही, आणि मुंबईने ती एकदा अमलात आणून दाखवलेली आहे.